भावजींचा बोगदा

भावजींना, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, एकच विषय येत होता: व्हीपीएन, म्हणजे नेटवरचं आपलं येणंजाणं झाकणारा बोगदा. कुणी आजारी असो की कुणाचं लग्न ठरलेलं असो, गृहस्थ गाडी तिथेच आणून उभी करायचे. "फुकटचं वायफाय म्हणजे चव्हाट्यावर आंघोळ!" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ऐकून ऐकून घरच्यांचे कान किटले होते.

आज नेमकं तिच्या घरचं नेट बंद पडलं आणि तिला कॉफीच्या दुकानात येऊन बसावं लागलं. ती कवळ्या बनवायची. एका दातांच्या डॉक्टरच्या लॅबमध्ये खालमानेनं मेणाचे दात कोरता कोरता तिच्या मानेचे बारा वाजले होते. आता मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये जागा मिळत होती. आज संध्याकाळच्या आत कागद पाठवले की उद्या नेमणुकीचं पत्र. पण तोवर डॉक्टरला वास लागता कामा नये. आधीचा कारागीर असाच नोकरी सोडून निघाला होता, तर या डॉक्टर महाभागानं नव्या मालकाला फोन करून 'माणूस सोनं चोरतो' असं ठोकून दिलं. बिचारा आता पडदे शिवतो.

"व्हीपीएन लावलंस का?" खुर्ची ओढत भावजी म्हणाले. यांना कुणी बोलावलं होतं? ताईनं, दुसरं कोण! ताईची माया बहिणीवर आणि अक्कल नवऱ्यापाशी गहाण.

"लावलंय, भावजी." तिनं खरंच लावलं होतं. ती काही दूधखुळी नव्हती.

"कुठलं? बघू. अगं, फुकटातलं? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे ओढलाच. मग त्यांचं ते महागडं व्हीपीएन उतरवून घेणं, पासवर्ड विसरणं, पुन्हा आठवणं. कॉफी निवून पाणी झाली.

"हा बघ बोगदा," भावजी बोटानं टेबलावर रेघ ओढत गरजले. "इस्पितळाचे तुझे कागद इकडून आत, तिकडून बाहेर. मधे कुणाच्या बापाला कळणार नाही!"

"जरा हळू बोला ना."

"आता कसली भीती? व्हीपीएन चालू आहे!"

या माणसाला शाळेत कुणी पास केलं असेल, या विचारानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं लॅपटॉप हिसकावला आणि कागद पाठवले. पोचल्याची पोचही आली. तिनं सुटकेचा श्वास टाकला, तोच ताईचा फोन आला. भावजींच्या फोनवर, आणि तोही स्पीकरवर.

"पाठवले गं!" भावजींनी बायकोला सांगून टाकलं. "इस्पितळातली नोकरी पक्की समज. तो दातवाला डॉक्टर बसलाय झोपा काढत, त्याला पत्ताही नाही! सगळं कसं गुपचूप, सुरक्षित!"

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंनी मान वळवली आणि तिच्याकडे बघून तोंडभर हसल्या.

चेहरा तिनं जन्मात पाहिला नव्हता. लॅबमध्ये पेशंट येत नाहीत, नुसते साचे येतात. पण ते दात तिनंच घडवलेले होते. समोरचा एक शेजारच्यावर जरासा चढलेला. 'माझा खरा दात तसाच होता, मला तसाच हवा' म्हणून डॉक्टरच्या आईनं ती कवळी पुन्हा पुन्हा परत पाठवली होती. तो दात बसवताना तिनं म्हातारीला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! आता तोच दात समोर चमकत होता, अगदी झकास बसलेला.

बाईंनी हसू आवरून पर्समधून फोन काढला, भिंतीवरचा दुकानाच्या वायफायचा पासवर्ड बघून बघून एकेक अक्षर दाबलं आणि नेटवरूनच फोन लावून कानाला धरला.

"अरे बाळा, कामात आहेस का? ऐक तर..."

भावजींनी तिला कोपरानं ढोसलं. बोलताना त्यांच्या तोंडावर कीव होती.

"बघितलंस? उघड्या वायफायवरून घरच्या गोष्टी! माणसं सुधारायची नाहीत."