रंगरावांचा निकाल

बुलढाण्याच्या बसस्टँडसमोर रवीचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे दोन बाकं, एक शेगडी आणि एक पेपर. सकाळी तो पेपर उघडला की त्यातली प्रत्येक बातमी बाकावरून फिरत फिरत शेवटी रंगरावांपाशी येऊन थांबायची, कारण निकाल ते द्यायचे. हयातभर त्यांनी कोर्टात कारकुनी केलेली. साहेबांचे निकाल टाइप करता करता माणूस म्हातारा झाला. निवृत्तीनंतर स्वतःचे निकाल द्यायची हौस आली, तर त्यात त्यांचं फार चुकलं असं म्हणता येत नाही.

निकाल कशावरही असे. समृद्धी महामार्गावर ड्रायव्हरला डुलकी लागते, कारण रस्त्याला वळणच नाही. चिमण्या गेल्या त्या मोबाइलच्या टॉवरमुळे नाही, घरं स्लॅबची झाली म्हणून. कॉम्प्युटर माणसाची नोकरी खाईल, पण फाईल दाबून ठेवणं त्याला जन्मात जमणार नाही. लोणारचं पाणी एका उन्हाळ्यात गुलाबी झालं, तेव्हा शास्त्रज्ञ पोचायच्या आधी रंगरावांनी कारण सांगून टाकलं होतं. ते चुकलं होतं, पण कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मत चुकलं म्हणून कोणी दारात वसुलीला येत नाही, हा मतांचा मोठा फायदा.

मग त्या हिवाळ्यात घाटाखालच्या काही गावांतून बातमी आली. लोकांचे केस गळत होते. आधी डोकं खाजायचं, मग हात फिरवला की केस हातात यायचे, आणि बघता बघता टक्कल. बाया, म्हातारे, शाळेतली पोरं, कोणी सुटलं नाही. डॉक्टर आले, पाण्याचे नमुने घेऊन गेले, पाठोपाठ टीव्हीवाले आले. कारण मात्र कोणी सांगत नव्हतं. अख्खा जिल्हा कोड्यात पडलेला, आणि रवीच्या बाकावरचे सगळे रंगरावांच्या तोंडाकडे पाहत बसलेले.

रंगरावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "पानीगिनी काही नाही. हे रक्तात उतरलं हाय. आज मायबापाले, उद्या पोराइले, परवा नातवाइले. घाटाखालून सून आनाची असन तं दहा डाव विचार करा."

बाक हसलं. पानठेलेवाल्या गोविंदानं ते मोबाइलवर घेतलं होतं. त्यानं मागचंपुढचं हसणं कापलं आणि 'कोर्टातल्या अनुभवी माणसाचं मत' असं वर लिहून सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत ते किती मोबाइलवर फिरलं कोणास ठाऊक. रंगरावांना स्वतःलाच ते तीन ठिकाणांहून आलं, आणि त्यांनी ते तिन्ही वेळा पाहिलं.

आता यातली गोम अशी, की रंगरावांची सख्खी धाकटी बहीण झुंबरबाई घाटाखालीच दिलेली होती. बोलताना ती आपल्याला आठवलीच नाही, असं ते नंतर म्हणाले. ते खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं. झुंबरबाईची मुलगी सुचिता, मलकापूरला शिकून आलेली, गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेणारी. तिची सोयरीक मेहकरच्या नारायणरावांच्या ज्ञानेश्वरशी रंगरावांनीच जुळवली होती. साखरपुडा झालेला, लग्न वैशाखात. इकडच्या लोकांत सोयरिकीला मामाचा शब्द म्हणजे जामीन. पोरीचा बाप काय, तो पोरीची तारीफ करणारच. मामानं मान हलवली की मग पाहुणे सुपारी फोडतात.

चार दिवसांनी नारायणराव घरी आले. रंगरावांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, पाणी दिलं, त्यांनी ते नुसतं हातात धरलं. मग मोबाइल काढून रंगरावांना त्यांचाच आवाज ऐकवला. माणूस काही दुष्ट नव्हता. मेहकरला घरी बायको रडत होती, गल्लीतले लोक ज्ञानेश्वरला रस्त्यात थांबवून विचारत होते, पाठीवर अजून एक लेक लग्नाची होती. त्यांनी शांतपणेच विचारलं, पोरीचा मामाच असं म्हणतो, तर आम्ही काय समजायचं?

रंगराव हसून म्हणाले, ते हॉटेलातलं बोलणं, ते कुठं मनावर घेता? पण नारायणराव हसले नाहीत. तेव्हा रंगराव तावात आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "आमच्या सुचिताचा एकबी केस गेला नाही. माही जबान हाय. थांबा, तुम्हाले दाखोतोच."

सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे झाल्या. "अहो, राहू द्या," एवढंच म्हणाल्या. पण रंगरावांनी व्हिडिओ कॉल लावून टाकला होता.

पडद्यावर सुचिता आली. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. मामाच्या खांद्यामागे होणारा सासरा दिसला तशी ती क्षणभर घुटमळली. रंगराव उत्साहानं म्हणत होते, बाई, हे पाहुणे आले आहेत, यांना जरा तुझे केस दाखव. तिनं मामाकडे पाहिलं. मग कोणी पुन्हा सांगायच्या आत तिनं ओढणी सोडली. डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस होते, नुकते उगवलेले, मध्ये मध्ये नुसती कातडी.

"गेले होते," ती म्हणाली. "आता येऊन राह्यले. डॉक्टर म्हणे, सगळे येतीन."

नारायणरावांनी तिला 'बरं, बाई' म्हटलं आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवला. उठताना ते एकच बोलले. "रंगराव, हाटेलात तुम्ही मोकळ्या मनानं बोलले. इथं भाचीसाठी बोलून राह्यले. मी खरं कोनतं धरू?"

ते गेल्यावर रंगराव बायकोवर उखडले. तिला ठाऊक होतं, बहिणीला ठाऊक होतं, मग त्यांनाच कसं नाही? सिंधूताईंनी ग्लास उचलला. झुंबरबाईनं त्यांना शपथ घातली होती, दादाला सांगू नका म्हणून, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. केस येईपर्यंत झाकून ठेवू, वैशाखाला अजून वेळ आहे, असं मायलेकींनी ठरवलं होतं.

दोन दिवसांनी साखरपुड्याची साडी मेहकरला परत गेल्याचं, म्हणजे सोयरीक मोडल्याचं कळलं. रंगरावांनी मेहकरला फोन केले, एक नाही, दहा केले. आपण काहीही माहीत नसताना बोललो, त्याला कसलाही आधार नाही, केस परत येतात असं डॉक्टरच म्हणतात, असं परोपरीनं सांगितलं. नारायणराव दर वेळी अदबीनं ऐकून घ्यायचे आणि 'बरोबर आहे तुमचं, मामा आहात तुम्ही' म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा रंगराव पुराव्यानिशी बोलत होते, आणि ते कोणाला खरं वाटत नव्हतं.

शेवटी ते बस धरून घाट उतरले. बहिणीच्या दारात पाय ठेवायला त्यांना लाज वाटत होती, खरीखुरी, चारचौघांत धोतर सुटल्यासारखी. झुंबरबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, पण 'कसा आहेस दादा' विचारलं नाही. मेहुणे पुंजाजी कापसाच्या ढिगापाशी बसले होते. त्यांनी 'या' म्हटलं, पावसापाण्याचं बोलले आणि मग बैलाला पाणी दाखवायला म्हणून उठून गेले. शिव्या दिल्या असत्या तर रंगरावांना बरं वाटलं असतं.

सुचिता चहा घेऊन आली. आज डोक्यावर ओढणी नव्हती. आता कोणापासून झाकायचं होतं? ती समोर बसली आणि विचारलं, "मामा, रक्तात उतरलं म्हने तुम्ही. तुम्हाले वाटे का खरंच तसं?"

"नाही बाई."

"मंग काऊन म्हनलं?"

रंगरावांनी उत्तर शोधून पाहिलं. त्यांच्याकडे चिमण्यांचं उत्तर होतं, महामार्गाचं होतं, लोणारच्या पाण्याचंसुद्धा होतं. शेवटी ते म्हणाले, "सगळे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते."

ती रडेल असं त्यांना वाटलं होतं, पण तिनं चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, मेहकरचं झालं ते झालं, त्यांच्यापुढं आता नाक घासू नका. पण या गावात अजून पोरी आहेत. शेजारची छकुली आहे, तिला परवा पाहुणे बघायला येणार होते, ते आलेच नाहीत. "जिथं म्हनलं तिथंच जाऊन सांगा. माहं नाव घेऊन सांगा. मले चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव रवीच्या हॉटेलात गेले. पेपर उघडायच्या आधीच बोलले. बसून नाही, उभं राहून बोलले. सख्ख्या भाचीचं नाव घेतलं, तिची सोयरीक कशी मोडली ते सांगितलं, केस परत येत आहेत हे सांगितलं, आणि आपल्याला तेव्हा ओ की ठो माहीत नव्हतं हेही सांगितलं. गोविंदाला त्यांनी हात जोडून सांगितलं, हे पण घे मोबाइलवर. गोविंदानं घेतलं.

संध्याकाळी सुचिताचा फोन आला.

"सांगतलं का मामा?"

"सांगतलं."

"काय म्हने लोक?"

रंगराव अंगणात बाजेवर बसले होते. तिला काहीतरी चांगलं सांगावं असं त्यांच्या फार मनात होतं. दोन-तीन वाक्यं जुळूनही आली होती, पण ती त्यांनी गिळली.

"ऐकून घेतलं बाई. मंग कोनी तरी दुसरी बातमी वाचली."

"हाव का," सुचिता म्हणाली. तिनं फोन ठेवला नाही. मामा अजून काही बोलेल म्हणून ती तशीच थांबली होती, आणि रंगराव मोबाइल कानाला लावून नुसते बसून होते.