तिरकी चौकट

राजारामपुरीतल्या त्या तीनमजली इमारतीत आकाराम सुतार पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आला होता. आधी पहिल्या मजल्यावरच्या दानेश्वरीबाईंचं दार घासत होतं, ते त्यानं रंधा मारून सारखं केलं. आठवड्यानं त्यांच्या शेजाऱ्यांचं. आज परत दानेश्वरीबाईंचंच.

"लाकूड फुगलं असंल," बाई म्हणाल्या.

बाहेर चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. अशा उन्हात लाकूड आकसतं. आकारामनं चौकटीच्या कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला. बोटभर फट दिसली. दार होतं तसंच होतं, चौकट तिरकी झाली होती.

तो खाली उतरला. तळमजल्यावर गाळा मोठा करायचं काम चाललं होतं. प्लायवुडच्या आडोशामागं तो डोकावला. मधला खांब निम्मा तासला होता. उघड्या पडलेल्या सळया बाहेर वाकल्या होत्या.

"पावणं, तुमचं हितं काय काम?" गाळ्याचे मालक शिवमूर्ती मागं येऊन उभे होते.

"दारं का अडकत्यात, ते बघाय आलतो. माणसं भाईर काढा, मालक."

"पंचवीस वर्सं उभी हाय बिल्डिंग. तुमी दारं बघा."

आकारामनं वर जाऊन घरोघरी कड्या वाजवल्या. काहीजण हसले. दानेश्वरीबाई मात्र लेकराला काखेत मारून उतरल्या, तेव्हा बाकीचेही निघाले.

तिसऱ्या मजल्यावर झुंबरबाई एकट्याच राहायच्या. त्यांनी आतून कडी काढली, पण दार हलेना. भिंतीतून वाळू सरसरत होती.

"मागं सरा, मावशी." आकारामनं हातोड्यानं खालची फळी फोडली आणि त्यांना दंडाला धरून ओढून काढलं. जिन्यात पायाखालची फरशी थरथरत होती.

रस्त्यावर आल्यावर त्यानं मागं बघितलं. शिवमूर्ती गाळ्यातच फोनवर बोलत होते.

"मालक, या भाईर!"

त्यांनी हात केला, आलो म्हणून.

मग आतून काहीतरी कडाडलं. म्हैस बसते तशी इमारत आधी पुढून वाकली आणि सावकाश खाली बसली. धुळीत समोरचं काही दिसेना. झुंबरबाईंनी आकारामची बाही घट्ट धरली होती. धूळ खाली बसली, तेव्हा शिवमूर्तींनी हात केला होता तिथं नुसता ढिगारा होता.