तिरक्या छाटलेल्या फांद्या

मी विमा कंपनीत दावे तपासते. समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा, असं माझं काम. नवरा म्हणतो, तुला पाण्याचा पेला दिला तरी तू तो आधी उजेडात धरून बघतेस. बघते. बघावंच लागतं.

म्हणून सुट्टी टाकून बाबांकडे राहायला गेले आणि मागच्या अंगणात पाऊल टाकलं, तेव्हाच लक्षात आलं की इथे कोणीतरी हात मारलाय.

मागचं अंगण म्हणजे दोन उंच भिंतींमधली चिंचोळी पट्टी. ऊन सकाळी जेमतेम डोकावतं आणि निघून जातं. तिथे गुलाबानं नाक मुरडलं, जास्वंद रुसून बसली, तेव्हा आईनं इम्पेशन्स लावले. तेरड्याच्या घराण्यातलंच ठेंगणं झाड, पण याला सावलीच मानवते. एकदा आपसूक उगवलेल्या रोपांत तिला फिकट गुलाबी फुलांचं एक रोप सापडलं, मधोमध पांढरी चांदणी असलेलं. त्याच्याच फांद्या लावून लावून तिनं अख्खा वाफा भरला. तसा रंग कुठल्याच नर्सरीत मिळत नाही. आई गेल्यावर बाबांनी तो वाफा जिवापाड जपला होता.

आता त्याला टक्कल पडलं होतं. जागोजागी नुसती खुंटं. मी वाकून पाहिलं. प्रत्येक फांदी पेराच्या जरा खाली, तिरकी, धारदार कात्रीनं कापलेली.

"बाबा, हे काय झालं?"

"गोगलगाई असतील गं," ते म्हणाले. "ओल धरली की येतात."

"गोगलगाई कात्री घेऊन येतात का?"

ते हसले आणि चहा ठेवायला आत गेले. मला मात्र हसू आलं नाही.

बाबांच्या अंगणात परस्पर येऊ शकेल अशी एकच व्यक्ती होती. भिंतीपलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. एकट्या, बोलायला गोड आणि बाबांच्या घराची एक चावी त्यांच्याकडे. फोनवर बाबा हल्ली आमच्यापेक्षा त्यांचंच जास्त सांगायचे. आज बाई आल्या होत्या, आज बाईंनी भाजी दिली, आज बाईंनी गॅसची शेगडी बदलून घ्यायला लावली. शेगडीशी हिचा काय संबंध? घर बाबांच्या एकट्याच्या नावावर. आज फांद्या नेतेय, उद्या कागदांवर सही घेईल. मी असे दावे रोज बघते. सुरुवात भाजीच्या वाटीपासूनच होते.

दुपारी बाबा झोपले तेव्हा बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि भिंतीवरून पाहिलं. तोंडात शिवीच आली. बाईंच्या अंगणात कुंड्या, डबे, फुटके टब, एक जुनं वॉशबेसिनसुद्धा, आणि सगळ्यांत आईचं गुलाबी. एवढं तर आईच्या हयातीतही नव्हतं.

रात्री बाबांना आडून आडून विचारलं, "बाईंना काही दिलंत का तुम्ही? झाडं वगैरे?"

"छे! द्यायला हवं पण. एवढं करते बिचारी."

झालं. चोरीच होती. राग इतका आला, की जेवण गेलं नाही.

सकाळी बाबा नेहमीप्रमाणे फिरायला बाहेर पडले आणि मी बाईंच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्या दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात, हातात झारी घेऊन, झाडांच्या बुडाशी बेतानं पाणी घालत होत्या.

"ही फुलं माझ्या आईची आहेत," मी म्हटलं. नमस्कार वगैरे काही नाही.

"हो. माहीत आहे मला."

"मग विचारायची पद्धत असते. एका म्हाताऱ्या माणसाचं अंगण असं ओरबाडायचं नसतं. आणि ती चावी मला परत हवी आहे."

त्यांनी झारी खाली ठेवली. चिडल्या नाहीत. त्याचा मला आणखी संताप आला.

"चावी घे," त्या म्हणाल्या. "पण मग रोज सकाळी शेगडी बंद आहे का ते बघायला तू ये. दोनदा पातेलं जळून कोळसा झालंय. म्हणून आपोआप बंद होणारी बसवून घेतली."

"काय बोलताय तुम्ही?"

"अगं, मी एकही फांदी तोडलेली नाही. तुझे बाबा आणून देतात. रोज. आणि रोज म्हणतात, इतके दिवस द्यायचं राहूनच गेलं. फेकून देववत नाही गं मला. म्हणून लावत बसते."

"मला कळवलं का नाहीत?"

"त्यांनी शपथ घातली होती. मुलीला मीच सांगेन म्हणाले. मी आठवण करून देते, ते आज सांगतो म्हणतात." बाईंनी झारी पुन्हा उचलली. "मग विसरतात."

मी तिथल्या पायरीवर बसले. फोनवरची सगळी बोलणी डोक्यात उलटी फिरू लागली. तेच तेच सांगायचे ते. आणि मी प्रत्येक वेळी बाईंचं नाव टिपत होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा आत आले. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात ओल्या रुमालात गुंडाळलेली फांदी.

"इतके दिवस द्यायचं राहूनच गेलं," ते बाईंना म्हणाले. "आमच्या हिचं आहे. कुठे मिळायचं नाही."

"अय्या, किती सुंदर!" बाई म्हणाल्या. "कसं लावायचं हो हे?"

बाबांचा चेहरा खुलला. खालची पानं काढायची, पेर मातीत जायला हवं, माती भुसभुशीत, दुपारचं ऊन अजिबात नको, पाणी पानांवर नाही, बुडाशी, आणि चिखल करायचा नाही, देठ कुजतं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सगळं आईच्याच शब्दांत. मग त्यांची नजर पायरीकडे वळली आणि ते आनंदानं जवळजवळ ओरडलेच.

"अरे! तू कधी आलीस?"

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"आत्ताच, बाबा," मी म्हटलं. "आत्ताच येतेय."