बुटातल्या चिंध्या

आमच्या अग्निशमन केंद्रात बायकांच्या मापाचे बूट कधी आलेच नाहीत. सगळे पुरुषांचे, नऊ नंबरचे. बारा वर्षांपूर्वी मी तक्रार घेऊन गेले, तर साहेब म्हणाले, "मग पाय वाढवा की!" सगळे खो खो हसले. मीही हसले, मूर्खासारखी. मग बुटात चिंध्या कोंबायला लागले आणि नंतर आलेल्या प्रत्येक पोरीला तेच शिकवलं. "तोंड उघडू नकोस, चिंध्या कोंब."

गेल्या महिन्यात गोदामाच्या आगीत चिमणीच्या, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात धाकटीच्या, बुटात पाणी शिरलं. ओल्या चिंध्या आतल्या आत उकळल्या. तिचा उजवा पाय घोट्यापासून कापावा लागला. साहेबांनी अहवालात लिहिलं, "महिला कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. बुटात परवानगीशिवाय कापड."

माझं डोकंच फिरलं. शहरातल्या सगळ्या केंद्रांतल्या बायका मी गोळा केल्या. मुख्यालयाला द्यायच्या अर्जाचं पहिलंच वाक्य लिहिलं, "हे कापड कोंबायला मी शिकवलं, कारण तुम्ही बूट दिले नाहीत." नोकरी गेली तर गेली. खाली प्रत्येकीने सही केली आणि सहीपुढे आपल्या बुटाचं माप लिहिलं.

शेवटची सही घ्यायला हॉस्पिटलात गेले. चिमणीने अर्ज दोनदा वाचला. तिच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत होईना. तिने सही केली आणि कागद परत दिला.

"ताई, माप नीट बघून घ्या."

सहीपुढे लिहिलं होतं, "पाच नंबर. फक्त डावा."