नादगुरूंचं सिद्ध प्लगइन

ताईच्या स्टुडिओत चार माणसं आली की पाचव्याला दारात उभं राहावं लागतं. त्या दिवशी निम्मं गाव आत होतं. कीबोर्डवाला लंबू गादीच्या घडीवर बसला होता, ड्रमवाली स्वतःच्याच ड्रममागे अडकली होती, गिटार शिकवणारे काका चौकटीला टेकले होते आणि जिन्यात उरलेले लोक माना उंचावून उभे होते. सगळ्यांचे डोळे ताईच्या संगणकाकडे लागले होते. संगणकावर तांब्याचं कडं होतं आणि कड्यावर नादगुरूंचा उजवा हात.

"यंत्र रडतंय," गुरू म्हणाले. "ऐकू येतंय का कुणाला?"

जिन्यातून दोघातिघांनी ऐकू येतंय म्हणून सांगितलं. मला संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. तो पंखा साफ करायचं काम माझ्याकडे होतं आणि धाकटा भाऊ या नात्यानं मी ते बरेच दिवस टाळत होतो.

फुकट आणि मोकळं म्हणून ताईनं संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली घातली होती आणि तिचं बघून गावातल्या निम्म्या वादकांनी तेच केलं. अडचण एकच होती. आवाजाला ऊब, धार, घुमारा देणारे जे छोटे प्रोग्राम असतात, ज्यांना सगळे प्लगइन म्हणतात, त्यातले बरेचसे विंडोजसाठी बनवलेले. लिनक्सवर ते टिचकी मारून उघडत नाहीत. नादगुरूंनी हात ठेवला की मात्र उघडतात, अशी ख्याती पसरली होती. शिवाय त्यांचं स्वतःचं एक सिद्ध प्लगइन होतं. ते म्हणे आवाजात प्राण भरतं. दर वर्षी तो प्राण विझतो आणि गुरूंना पुन्हा बोलवावं लागतं, ही सोयही त्यातच होती.

ताई एरवी अशांच्या नादी लागणारी नाही. पण तिचा बालगीतांचा संच प्रकाशकानं परत पाठवला होता. "आवाज मरगळलेला वाटतो, सोमवारपर्यंत सुधारून द्या," एवढंच कळवलं होतं. वर्षभराची मेहनत एका शब्दावर अडकली होती आणि ताईला अन्न गोड लागत नव्हतं.

"सगळ्यांनी डोळे मिटा," गुरू म्हणाले. "मुक्त प्रणालीला आत्मा नसतो. तो बाहेरून घालावा लागतो आणि आत्मा जाताना कुणी पाहायचं नसतं."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी एकच मिटला. लहानपणी लपाछपीत राज्य आल्यापासूनची सवय आहे ती.

गुरूंनी मोठ्यानं ओंकारासारखं काहीतरी सुरू केलं. घसा तर दणदणीत होता. उजवा हात कड्यावर होता आणि डावा कीबोर्डवर भराभर चालत होता. बटणांची टकटक त्या गजरात साफ बुडून गेली.

"उघडा डोळे."

पडद्यावर एक सोनेरी खिडकी उघडली होती. त्यात चकचकीत गोल बटणं होती, मधोमध एक काटा डोलत होता. जिन्यात टाळ्या पडल्या. गुरूंनी ताईचं गाणं आधी साधं वाजवलं, मग प्लगइन लावून वाजवलं.

"बाप रे," लंबू म्हणाला. "गाणं एकदम पुढे येऊन उभं राहिलं."

"माझा ड्रम आज पहिल्यांदा ऐकतेय मी," ड्रमवाली म्हणाली.

खरं सांगायचं तर मलाही आवाज भरदार वाटला. तिथे मात्र मी जरा घाबरलो.

"आता एकच विघ्न," गुरू म्हणाले. "या डिस्कवर मृत नाद साठलाय. जुनी, प्राण नसलेली गाणी. ती नव्याला खाली ओढतात. आजच पुसून टाका."

"दुसऱ्या डिस्कवर ठेवली तर?" ताईनं विचारलं.

"नाद जोडलेला असतो. प्रतही ठेवायची नाही."

खोलीत चुळबुळ झाली, कारण ती जुनी गाणी आमच्या बाबांची होती. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला तो गेलाच. आता ते नुसते कुजबुजतात. त्यांचं गाणं उरलं होतं ते या डिस्कवर.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीतून पुढे वाकले. "पूस गं," ते कुजबुजले. "माझं गाऊन झालंय. तुझं अजून व्हायचंय."

ताईचा हात माउसवर होता आणि तिचे डोळे भरले होते. 

"पुसण्याआधी एक विचारू?" मागून आत्याचा आवाज आला. आमची आत्या शाळेत विज्ञान शिकवते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती मघापासून तपासत बसली होती. "गुरुजी, पडद्यावर टॉवेल टाकते. साधं कुठलं आणि प्राणाचं कुठलं, ते नुसतं ऐकून ओळखूया का?"

"शंका घेतली की नाद रुसतो," गुरू म्हणाले.

"बाई, श्रद्धा हवी," काका चौकटीतून म्हणाले.

"बरं, राहिलं." आत्या ताईकडे वळली. "तू ड्रमला वरून एक आणि खालून एक माइक लावतेस ना? त्याचं काय ते मला एकदा सांगितलं होतंस."

"दोन्ही आवाज एकमेकांना खातात. मग त्यातल्या एकाची लाट उलटी करावी लागते."

"आणि दोन आवाज अगदी एकसारखे असले आणि एक उलटा केला तर?"

"काहीच उरत नाही. एक ढकलतो तेव्हाच दुसरा ओढतो."

"त्यांच्यात थोडा फरक असला तर?"

"तर तेवढा फरक ऐकू ये..." ताई थांबली. तिनं डोळे पुसले.

"मग साधं गाणं आणि गुरुजींचं गाणं एकदम वाजव. एक उलटं कर," आत्या म्हणाली. "गाणं गाण्याला खाईल आणि उरेल तो शुद्ध प्राण. आम्हालाही कळू दे, नुसता प्राण कसा वाजतो."

आता भक्तच सरसावले. "गुरुजी, नुसता प्राण ऐकायला मिळतोय," लंबू म्हणाला आणि जिन्यातले सगळे आणखी दोन पायऱ्या पुढे सरकले. गुरूंना नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

ताईनं दोन्ही गाणी एकाखाली एक लावली, एक उलटं केलं आणि वाजवलं. बारीकसा आवाज आला.

"हाच तो," गुरू घाईनं म्हणाले. "हाच प्राण."

"हे तर माझंच गाणं आहे, बारीक आवाजातलं," ताई म्हणाली. "तुमचं मुळात जरा मोठं वाजतंय, म्हणून तेवढं उरलंय." तिनं गुरूंच्या गाण्याचा आवाज हळूहळू कमी करायला घेतला. गाणं विरत गेलं, आणखी विरलं आणि एका जागी पार नाहीसं झालं.

खोलीत फक्त पंख्याची घरघर राहिली. सोनेरी खिडकीतला काटा तेवढा अजून डोलत होता.

"प्राण कुठे गेला?" ड्रमवालीनं विचारलं.

"नव्हताच," ताई म्हणाली. "हे प्लगइन आवाज थोडा मोठा करतं, बाकी काही नाही. ही बटणं म्हणजे नुसतं चित्र आहे. मोठं वाजलं की कानाला छान वाटतं. रोज हेच काम करते मी आणि तरी फसले."

मग मी माझ्या उघड्या डोळ्याची हकीकत सांगितली. ताईनं शोधलं तेव्हा तेही सापडलं. विंडोजची प्लगइनं लिनक्सवर चालवून देणारा एक जोड-प्रोग्राम गुरूंनी गजराच्या आडून टाकला होता. तो कुणालाही फुकट मिळतो. कुठली तरी हौशी माणसं फावल्या वेळात तो बनवतात आणि कसा वापरायचा तेही सविस्तर लिहून ठेवतात. कौतुक करायचंच तर त्यांचं करावं, ते कुणाला डोळे मिटायला सांगत नाहीत.

"नाद रुसला," म्हणत गुरूंनी कडं उचललं. जिन्यातल्या लोकांनी त्यांना निमूटपणे वाट करून दिली.

"रुसू दे," बाबा कुजबुजले. "माझा कधीचा रुसलाय. त्यावाचून अडत नाही."

सगळ्यात आधी हसली ती ताई.

"आता मला सांगा, तुम्हा सगळ्यांना आवडलं काय होतं?" आत्यानं विचारलं.

"मोठा आवाज," लंबू ओशाळून म्हणाला.

 ते ऐकून ताईनं प्रकाशकाचे बाकीचे संच लावले आणि आपल्या गाण्यांशी ताडून पाहिले. तिची गाणी त्यांच्यापुढे फार हळू वाजत होती. मरगळ म्हणतात ती एवढीच. तिनं आवाज वाढवून नीट बसवला आणि सोमवारी संच पाठवला. "काय केलंत हो? आता जिवंत वाटतंय," असा प्रकाशकाचा निरोप आला.

माझं म्हणणं साधं आहे. कानाला छान वाटलं ते खरं असेलच असं नाही. तपासावं, दोन्ही आवाज सारखे करून ऐकावं. जो तपासू देत नाही त्याच्या शब्दावर काही पुसू नये. पुसलेलं परत येत नाही. आणि डोळे मिटायला सांगितलं, तर माझ्यासारखा एक नाही, दोन्ही उघडे ठेवावेत.

त्या संध्याकाळी ताईनं बाबांचं जुनं गाणं लावलं. बाबा ओठ हलवत होते आणि आवाज स्पीकरमधून येत होता. मध्येच ताईनं माझ्याकडे पाहून कपाळाला आठी घातली. गाण्याखाली घरघर होती.

मी उठलो, संगणक बंद करून उघडला, पंख्यावरची धूळ झाडली आणि गाणं पुन्हा लावलं. यंत्राचं रडणं थांबलं आणि बाबांचं गाणं स्वच्छ ऐकू आलं.