बिनसाखरेच्या केकचा मग

मित्रांनो, माझ्याकडे वरवर बघू नका. वरून मी अगदी साधा दिसतो. पांढरा रंग, निळा काठ, एका बाजूला कान आणि ठिकठिकाणी उडालेले टवके. मला हातात घ्या, जरा तिरका करा आणि आत तळाशी बघा. तिथे एक काळा डाग दिसेल. राखेने घासून झाले, चिंचेने चोळून झाले, पण तो काही गेला नाही. मी एक जुना लष्करी मग आहे आणि एके काळी माझ्यात केक भाजला जात असे. हसू नका, खरेच सांगतो. आणि त्या केकपायी एका माणसाचा पाय जाता जाता राहिला, तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म पत्र्याचा. कारखान्यात मला दाबून आकार दिला, पांढऱ्या घट्ट रंगात बुडवले आणि रसरसत्या भट्टीत लोटले. बाहेर आलो तेव्हा अंगावर गुळगुळीत मुलामा चढला होता. आगीतून एकदा निघालो, आता आणखी काय व्हायचे, अशी माझी समजूत झाली. मग मी फौजेत गेलो आणि आकाराम नावाच्या, कऱ्हाडकडच्या एका तरण्या शिपायाच्या वाट्याला आलो. चहा, डाळ, दाढीचे पाणी, सगळे माझ्यातच. एका बर्फाच्या चौकीवर जोतीराम नावाचा दहिवडीकडचा स्वयंपाकी होता. सणाच्या दिवशी केक करायला त्याच्याकडे डबा नव्हता. त्याने पातेल्यात वाळू तापवली, मला त्यात बसवले, झाकणावर निखारे ठेवले आणि एका माणसापुरता केक माझ्यात फुलवला. आकारामने तो चमच्याने खरवडून खाल्ला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपण नुसते चहाचे भांडे नाही.

पुढे युद्ध झाले आणि संपलेही. आकाराम सुभेदार होऊन पेन्शनीत आले आणि मला घेऊन कृष्णाकाठच्या आपल्या गावी परतले. घरात दोन बायका. एक त्यांची पत्नी विजयमाला आणि दुसरी त्यांची थोरली बहीण, राहीबाई. आई लवकर गेली म्हणून राहीबाईंनीच भावाला लहानाचे मोठे केलेले. स्वतः तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. घरचा उसाचा मळा होता, मळ्यात घरचे गुऱ्हाळ होते आणि माळवदावरच्या खोलीत गुळाच्या ढेपी होत्या. अशा घरातल्या कर्त्या माणसाला मधुमेह व्हावा, यापरते दुर्दैव ते कोणते?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी स्पष्टच बजावले होते. साखर बंद, भात बंद, भाकरी बेताची. सुभेदार शिस्तीचे खरे, पण चार वाजले की चहाबरोबर काहीतरी गोड हवे म्हणून ते नुसते येरझारा घालत. तेव्हा त्यांना जोतीरामचा केक आठवला. त्यांनी कृती सांगितली आणि विजयमालाबाईंनी ती आपल्या परीने बदलली. गव्हाचा मैदा नको, म्हणून भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट. तेही जपून कुटलेले, कारण जास्त कुटले की तेल सुटते आणि केक बसतो. त्यात एक अंडे, चमचाभर आंबट दही, चिमूटभर खायचा सोडा, वेलदोडा. मला आतून तुपाचे बोट. खाली वाळू, वर निखारे. तव्यावर दोन-तीन भाकऱ्या होईपर्यंत केक वर यायचा. साखरेऐवजीची सॅकरिनची गोळी केक चुलीवर असताना घातली तर कडवट लागते, म्हणून ती चमचाभर दुधात विरघळवून वरून सोडायची. घरात मला मान मिळू लागला. शेजारच्या बायका मला बघायला येत. मी थोडा फुशारलो होतो, हे कबूल करतो.

मग त्या साली गुऱ्हाळ सुरू झाले.

त्या घरची रीत अशी की पहिल्या काहिलीचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईचा, गूळ देवापुढे ठेवायचा आणि मग घरातल्या थोरल्या बाईने त्यातला खडा मालकाच्या तोंडात घालायचा. त्याशिवाय कुणी गुळाला हात लावायचा नाही. आक्कांनी खडा पुढे केला. सुभेदारांनी तो कपाळाला लावला आणि परत ताटात ठेवला.

"आक्का, डाक्टरनं न्हाई म्हणलंय. माज्या वाटचा तूच खा."

 गूळ आटवणाऱ्या गुळव्या कोंडीबाने मान खाली घातली. आक्कांनी ताट उचलून परत देवापुढे ठेवले. मी सुभेदारांच्या शेजारी कट्ट्यावरच होतो, मला सगळे दिसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते चुलवणाजवळ उभे होते. चुलवण म्हणजे काहिलीखालची भट्टी. रस काढलेल्या उसाच्या जळत्या चिपाडाचा एक तुकडा उडून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला आणि तिथेच धुमसत राहिला. त्यांना कळलेच नाही! कोंडीबा धावत आला, "आवं सुबेदार, पाय! पाय भाजतुया तुमचा!" तेव्हा त्यांनी खाली पाहिले. मधुमेहाने पायाची जाणीवच गेली होती. आगीतून जन्मलेल्या मलाही ते पाहून धडकी भरली.

आक्कांनी मात्र याचा वेगळाच अर्थ लावला. पहिला गूळ परतवला म्हणून हे झाले, अशी त्यांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी विजयमालाबाईंनी केकचे मिश्रण कालवले आणि त्या चुलीतले निखारे काढायला वाकल्या. आक्कांनी पदराआडून लहानशी बरणी काढली, माझ्या तळाशी चमचाभर काकवी सोडली आणि वरून मिश्रण ओतून टाकले. काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा घट्ट, तांबूस पाक. पुटपुटल्या, "देवा, खाल्ला रं त्येनं गूळ. आता राग धरू नगंस."

मित्रांनो, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. ते दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

केक तयार झाला. सुभेदारांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा खुलला. "आज लय झ्याक झालाय. हात बसला गं तुजा!" विजयमालाबाई लाजल्या. रोज तेच होऊ लागले. केक झाला की आक्का लगबगीने मला उचलायच्या, स्वतः घासायच्या, राखेने खसाखसा. तळाची जळकी काकवी निघता निघायची नाही. डाग वाढत चालला. सगळे माझे कौतुक करत होते आणि मी आतल्या आत जळत होतो.

सुभेदारांचा एक नेम होता. रोज सकाळी काचेच्या नळीत निळे औषध घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी स्टोव्हवर उकळायची. रंग निळाच राहिला तर ठीक. हिरवा झाला तर थोडी साखर. पिवळा झाला तर जास्त. आधी महिनोन् महिने निळ्या-हिरव्यावर असलेली नळी आता पिवळी झाली, मग नारिंगी, आणि एका सकाळी थेट विटकरी. अंगठ्याची जखम काळवंडली. तिला वास येऊ लागला.

सांगलीला जाणे झाले. एसटीतल्या चहासाठी मीही पिशवीत होतो. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सुभेदार, खाताय काय तुम्ही? खरं सांगा."

विजयमालाबाईंनी मला पुढे करून केकची सगळी कृती सांगितली. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली. "यात काही वाईट नाही. मग साखर येते कुठून?" त्यांनी सुभेदारांकडे रोखून पाहिले. "पुढच्या सोमवारी या. तोवर नळीचा रंग उतरला नाही, तर मी थांबू शकणार नाही. पाऊल काढावं लागेल. आणखी उशीर केला तर गुडघ्यापर्यंत जाईल."

 घरी पोचताच विजयमालाबाईंनी माळवदावरच्या गुळाच्या खोलीला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोवली. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आले. युद्धावरून आलेला माणूस, पण घरच्या कुलपाने खचला.

"माज्यावर इस्वास न्हाई तुजा?"

"इस्वास ठिवू कसा? नळी खोटं बोलती व्हय?"

"भवानीची आण घिऊन सांगतो, खडा म्हून तोंडात घातला न्हाई!"

त्या तोंड फिरवून आत गेल्या. आक्का उंबऱ्यात बसून सगळे ऐकत होत्या. त्यांना वाटले, देवाचा कोप अजून उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाचे दोन चमचे केले.

माझ्या अंगाची तर आग आग होत होती. ओरडावे, खणखणावे, हातातून निसटून फुटावे असे वाटे. पण मी पत्र्याचा. पडलो तरी नुसता टवका उडतो.

सोमवार उद्यावर आला. सकाळी नळी पुन्हा विटकरी झाली होती आणि सुभेदारांनी ती कुणाला न दाखवता ओतून टाकली होती. चार वाजता केक झाला. त्यांनी तो कसाबसा संपवला. इतक्यात कोंडीबाचा निरोप आला की काहील उतरवायची वेळ झाली, आक्कांनी पूजेला यावे. आक्का तशाच उठल्या, मला घासायचे राहून गेले. विजयमालाबाईंनी मला खिडकीत ठेवले आणि उद्याचे कपडे पिशवीत भरू लागल्या.

थोड्या वेळाने माझ्या कानावरून एक मुंगी चढली. मग दुसरी. बघता बघता खिडकीच्या फटीतून लाल रांग लागली, काठावरून आत, थेट तळाशी.

या, बायांनो, या. आयुष्यात कुणाची इतकी वाट पाहिली नव्हती.

विजयमालाबाई मला घ्यायला आल्या आणि जागीच थबकल्या. तुपाला एखादी चुकार मुंगी यायची, पण अशी रांग कधी नव्हती. सॅकरिनला तर मुंगी ढुंकूनही बघत नाही. त्यांनी नखाने तळ खरवडला आणि नख जिभेला लावले. चेहरा पांढराफटक पडला. मला घेऊन त्या तरातरा घराच्या पुढच्या सोप्यात गेल्या. सुभेदार पाय वर घेऊन पडले होते.

"ह्ये काय हाय? माज्याच केकात काकवी? माज्या पाठीमागं घालत हुता? आवं, पाय कापायचाय उद्या! एवडी कशी जिभंची हाव?"

सुभेदार मुंग्यांकडे बघतच राहिले.  तेवढ्यात दारात आक्का उभ्या राहिल्या. पदराखाली ताज्या काकवीची बरणी होती.

"त्येला कशाला बोलतीस? म्या घातली. रोज म्याच घालतीया."

"आक्का!"

"मग काय करू? पयला गूळ परतिवला आन् पाय भाजला. देवाचा मान नगं?"

"आवं, पर डाक्टरनं साखर बंद केलीया न्हवं?"

"साखर बंद केलीया. गुळाला कुटं न्हाई म्हणलंय त्येनं? ती कारखान्याची पांढरी, त्यात काय काय घालत्यात. ह्यो आपल्या मळ्यातला गूळ. बाळंतिणीला देतो, तान्ह्या लेकराला चाटवतो. त्येनं कुणाचं वाईट हुईल?"

त्या अगदी मनापासून विचारत होत्या. विजयमालाबाई मटकन खाली बसल्या. सुभेदारांनी बहिणीला जवळ बोलावले आणि हळू आवाजात सांगितले, "आक्का, रक्ताला गूळ काय आन् साखर काय, दोनी एकच. त्या नळीत रोज तांबडं दिसतंय न्हवं, ती तुजी काकवी हाय."

आक्कांनी मला उचलले. आतला काळा तळ कितीतरी वेळ बघितला. बरणी हातातून सुटली आणि काकवी जमिनीवर पसरली. "म्या तुला वाडवला, आन् म्याच तुजा पाय खाल्ला व्हय रं?" असे म्हणून त्या अशा रडल्या, की ते रडणे मला आजही ऐकू येते.

विजयमालाबाईंनी कुलपाची किल्ली कमरेतून काढली आणि नवऱ्याच्या उशाशी ठेवली.

सोमवारी डॉक्टरांना सगळे खरे सांगितले. ते आधी चिडले, मग म्हणाले, "निदान कारण कळलं. इथंच राहा, रोज बघू." दवाखान्यात नळी विटकरीची नारिंगी झाली, मग पिवळी, आणि एका सकाळी हिरवी. अंगठा काही वाचला नाही. पण पाऊल राहिले. काठी टेकत का होईना, सुभेदार आपल्या पायांनी चालत घरी आले.

पुढच्या साली पुन्हा गुऱ्हाळ लागले. पहिला गूळ देवापुढे ठेवला गेला. सगळ्यांच्या नजरा आक्कांकडे. त्यांनी गुळाला हात लावला नाही. पदराखालून मला काढले. मी अजून गरम होतो. त्या दिवशी केक त्यांनी स्वतः भाजला होता, एका बाजूने जरा करपलाही होता. त्यातला तुकडा मोडून त्यांनी भावाच्या तोंडात घातला.

"ह्यो बी पयलाच हाय बाबा. माज्या हातचा."

सुभेदार तो कितीतरी वेळ चघळत होते. मग कोंडीबा आणि गड्यांनी गुळाला हात लावला.

मित्रांनो, आता मला चहासाठीही कुणी घेत नाही. मुलामा उडाला, गंज धरला. पण फेकू नका मला. तुमच्या घरात कुणाला काही खायला बंदी असेल, तर त्याच्यावर संशय घेऊन कुलूप लावण्याआधी आणि त्याला प्रेमाने घास भरवण्याआधी, दोन्ही वेळा, नीट विचारून घ्या. माया खरी असली तरी आधी विचारावे लागते.

आक्का शेवटपर्यंत मुंग्यांनाही असेच विचारत आल्या. केक खाऊन झाला की त्या मला लगेच घासत नसत. खिडकीत ठेवायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. बराच वेळ मुंग्यांची रांग लागली नाही, की मगच राख हातात घ्यायच्या.