खालची एकोणचाळीस नावं

राखणदाराचं काम गवत काढायचं आणि कुंपण सांभाळायचं. मेलेल्यांची नावं कोरलेला स्तंभ धुवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण गोऱ्यांच्या अमदानीत ज्या माळावर पलटणीची अख्खी तुकडी कापली गेली, तिथंच आपल्या पणजोबांचं नाव धूळ खात पडावं, हे त्याच्या मनाला पटेना. म्हणून दर रविवारी वाळू आणि तारेचा ब्रश घेऊन तो स्तंभ घासायचा. एकतीस वर्षं. बायको म्हणायची, "घरातलं एक पातेलं कधी असं घासलं नाहीत."

स्तंभाला तडे गेले आणि नवा उभारायचं ठरलं. पलटणीचं दप्तर कधीच जळून गेलेलं. तेव्हा जुन्या दगडाच्या ठशात उमटतील तेवढीच नावं नव्यावर कोरायची, असा हुकूम निघाला. ठसा घ्यायला कार्यालयातून एक बाई आल्या. राखणदार ठेवणीतला सदरा घालून हजर होता. पणजोबांची आणखी शंभर वर्षांची सोय होणार होती.

बाईंनी ओला कागद दगडावर थापला आणि वाळल्यावर अलगद सोलला. वरची सहा साहेबांची नावं ठसठशीत उतरली. खाली शिपायांच्या एकोणचाळीस नावांच्या जागी कागद कोरा होता.

"काका, हा धुता कशानं?"

"वाळूनं. आणि ब्रशनं."

"साहेबांची नावं खोल कोरलीत, शिपायांची नुसती वरवर. त्यात दगड मऊ," बाई हळूच म्हणाल्या. "घासण्यात गेली ती."

कोरणाऱ्यानं माणूस पाहून छिन्नी चालवली होती. पण पुसलं कुणी? त्याला तर पणजोबांचं नाव कालपर्यंत दिसत होतं. पाठ असलेलं दिसतंच. त्यानं शेवटच्या, पणजोबांच्या ओळीवर बोट फिरवलं. तीच सगळ्यांत गुळगुळीत होती. तिथं तो नेहमी दोन हात जास्त मारायचा.

"एखादं नाव आठवतंय?" बाईंनी वही उघडली. "हुकूम ठशाचा आहे, पण तुमची साक्षही चालेल."

एकच आठवत होतं. बाकीची अडतीस त्यानं एकतीस वर्षांत एकदाही वाचली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अडतीस जणांची मी पुसली," तो म्हणाला. "आता घरचं तेवढं कसं ठेवू? लिहा, 'आणि इतर एकोणचाळीस'."

बाईंनी तसं लिहिलं.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "आले का पणजोबा नव्या दगडावर?"

"आले," तो म्हणाला. "सगळ्यांबरोबर आहेत."